रविवारची दहा मिनिटं

आमच्या वरांबा गावात मिसेस प्रिचर्डना एल्वा म्हणणारी माणसं आता तीन-चारच उरली आहेत आणि ती सगळी त्यांच्याहून मोठी आहेत. बाकी आम्ही त्यांना मिसेस पी म्हणतो. पन्नाशी उलटली, टक्कल पडलं, नातवंडं झाली तरी मिसेस पीच. कारण आम्ही सगळे त्यांच्या बसमधून शाळेत गेलो. एकतीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली, डोंगरावरच्या शेवटच्या फाट्यापासून खाली शाळेपर्यंत, लाकडाच्या ट्रकांनी खड्डे पाडून ठेवलेल्या कच्च्या रस्त्यानं. एवढ्या वर्षांत एक पोर मागे राहिलं नाही आणि बस उशिरा पोचल्याचं मला आठवत नाही.

बस हलवायच्या आधी त्या आरशात बघून डोकी मोजायच्या. मोठ्यानं नाही, नुसते ओठ हलायचे. हिशेब जुळला की "चला" म्हणायच्या आणि मग ब्रेक सोडायच्या. पोरांना त्या आडनावानंच हाका मारत. मी टली. माझं पहिलं नाव गॅविन आहे हे त्यांना ठाऊक असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. ते त्यांच्या तोंडून मी आयुष्यात एकदाच ऐकलं, आणि ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

माझं गॅरेज पेट्रोल पंपाला लागून आहे. वडिलांचं होतं, आता माझं. गाड्या, ट्रॅक्टर, पाण्याचे पंप, येईल ते दुरुस्त करतो. उन्हाळ्यात आग लागली की लाल ट्रकवर चढतो. आमच्याकडे आग विझवायला पगारी माणसं येत नाहीत, आम्हीच जातो. एक ट्रक, चार हजार लिटर पाणी, आम्ही पाच जण आणि नोरीन नावाची कप्तान, जी एरवी पोस्टाच्या खिडकीत बसून तिकिटं विकते आणि तिथेही ट्रकवरच्यासारखीच ओरडते.

मिसेस पींचा नवरा क्लेम लाकडाच्या गिरणीत करवती लावायचा. धार लावायला त्याच्यासारखा माणूस आसपासच्या चार गावांत नव्हता. सहा वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. हात गेला, पाय गेला, जीभ मात्र राहिली, आणि पूर्वीपेक्षा धारदार झाली. मिसेस पी त्याला चाकांच्या खुर्चीतून व्हरांड्यात आणून बसवत आणि तो तिथून येणाऱ्या-जाणाऱ्याचा समाचार घेई.

झटक्यानंतर मीच त्यांना गाडी बदलायला लावली. आधीची जुनी, हाताच्या गिअरची होती. मिसेस पींचा डावा गुडघा क्लच दाबताना दुखायचा आणि क्लेमला त्या उंच सीटवर चढवणं म्हणजे दोघांचीही परीक्षा होती. मी त्यांना एक पांढरी, बसकी, ऑटोमॅटिक गाडी शोधून दिली. सीट रुंद, दार मोठं. फळी लावून, पट्टा ओढून, एकमेकांना शिव्या देत दोघं अर्ध्या तासात त्याला आत बसवू शकत. सल्ला चांगला होता, आजही मी तोच देईन. फक्त जुन्या गाडीची बॅटरी बसली तरी ती उतारावर सोडून गिअरमध्ये टाकली की चालू व्हायची. ऑटोमॅटिक गाडी तशी चालू होत नाही.

मग त्यांचे डोळे गेले. पूर्ण नाही. मधलं दिसेना, कडेचं दिसे. मला म्हणाल्या, "तुझा चेहरा दिसत नाही रे टली, कान तेवढे स्वच्छ दिसतात. त्यात तुझं काही नुकसान नाही म्हणा." एक दिवस त्यांनी गाडी मागे घेताना कोणाचातरी टपालाचा डबा पाडला. त्यांनी त्या घरी जाऊन माफी मागितली, डब्याचे पैसे दिले आणि कोणी सांगायच्या आत लायसन्स परत केलं. एकतीस वर्षं दुसऱ्यांची पोरं नेलेल्या बाईला कायदा शिकवावा लागत नाही. त्यानंतर त्यांनी गाडी रस्त्यावर आणली नाही. शेजारीण आठवड्याचं सामान आणून द्यायची आणि डॉक्टर मंगळवारी स्वतः यायचा.

पण गाडी विकली नाही. ती एका दिवसासाठी ठेवली होती. कुठल्या, हे दर उन्हाळ्यात रानाच्या आगीची धास्ती घेणाऱ्या आमच्या गावात कोणी विचारत नाही.

"त्या दिवशी चालवीन," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी पोलिसानं अडवलं तर त्यालाही मागे बसवीन."

त्यांचं घर गावाबाहेर, टेकाडावर होतं. तीन बाजूंनी निलगिरीचं रान आणि चौथ्या बाजूनं खाली उतरणारी वाट. वाट रस्त्याला मिळते, रस्ता ओढ्यावरच्या मोरीवरून जातो आणि पलीकडे शाळा आणि शाळेचं मैदान. मैदान गवत कापून, पाणी मारून ठेवलेलं असतं. गावानं ठरवलेलं आहे की काही झालं तर सगळ्यांनी तिथे जमायचं. घरापासून मैदानापर्यंत गाडीनं तीन मिनिटं लागतात. क्लेमला खुर्चीत घालून त्या खडीवरून ढकलत न्यायचं तर एक तास, तोही वाटेत खुर्ची उलटली नाही तर.

तीन वर्षांपूर्वी वसंतात मी त्यांच्या पाण्याचा पंप बघायला गेलो होतो. मी निघताना त्यांनी विचारलं, गाडी नुसती उभी असते, बॅटरी बसेल का.

मी म्हणालो, "दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा. पुरे होईल."

हे खोटं होतं. उघड खोटं, शिकाऊ पोरानं सांगितलं असतं तर मी त्याच्या कानाखाली दिली असती. गाडी सुरू करायला बॅटरीतून जो घोट जातो, तो इंजिन जागच्या जागी दहा मिनिटं गुरगुरल्यानं धड भरूनही येत नाही. गाडी रस्त्यावर काढावी लागते, अर्धा तास तरी, चांगल्या वेगानं. नाहीतर बॅटरी दर आठवड्याला थोडी थोडी रिकामी होते, आणि अर्धी रिकामी राहिलेली बॅटरी आतून कुजते. वरून काही कळत नाही. गाडी सुरू होत राहते. होत राहते, आणि एक दिवस होत नाही.

खरं सांगायचं तर मला म्हणायला हवं होतं, "मिसेस पी, तुम्ही चालवू नका, मी रविवारी येत जाईन, मी फिरवून आणीन." अर्ध्या तासाचं काम. पण रविवार हा माझा एकच मोकळा दिवस. मी तळ्यावर मासे धरायला जातो. वीस वर्षं जातो, बायको गेल्यावर तर पावसातही जातो. एकदा हो म्हटलं की दर रविवारचं झालं असतं. म्हणून मी दहा मिनिटं म्हणालो आणि निघून आलो. वाटेत स्वतःला समजावलं की जरा तरी चालू राहणं हे अजिबात न राहण्यापेक्षा बरं.

तेव्हापासून रविवारी सकाळी दहाला मिसेस पी गाडीत बसत. अंडी उकडायचं छोटं घड्याळ डॅशबोर्डवर ठेवत, किल्ली फिरवत आणि घड्याळ टणटणेपर्यंत ताठ बसून राहत, दोन्ही हात चाकावर, जणू मागे पोरं भरली आहेत. क्लेम व्हरांड्यातून विचारी, "कुठवर पोचलीस, एल्व्ह?" त्या म्हणत, "तुझ्यापासून जमेल तेवढं लांब." मी गळ गाडीत टाकून खालच्या रस्त्यानं जात असे. वर इंजिनाचा आवाज ऐकू आला की हॉर्न वाजवायचो. त्या हात करायच्या. ओळख आवाजाची, चेहरा त्यांना दिसत नव्हताच.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात एका रविवारी मी तिथून जाताना इंजिन सुरू होतानाचा आवाज ऐकला. एरवी ते एका झटक्यात धरायचं. त्या दिवशी कण्हलं, अंऽ अंऽ अंऽ, आणि मग धरलं. मी ब्रेकवर पाय ठेवला. तो आवाज माझ्या धंद्यातला आहे, झोपेतही ओळखीन. गॅरेजात त्या मापाची बॅटरी फळीवर होती. परत फिरून, आणून, बसवून द्यायला तास लागला असता. तळ्यावर सकाळची वेळ निघून जात होती. पुढच्या आठवड्यात बघू, म्हणालो, आणि हॉर्न वाजवला.

पुढच्या आठवड्यात मी गेलोही. बॅटरी न नेता गेलो, आणि म्हणालो की उन्हावर चालणारी एक छोटी पट्टी मिळते, काचेवर ठेवली की बॅटरी भरत राहते. त्या हसल्या. "गाडीला सलाईन लावतोस? एक पेशंट पुरे आहे मला या घरात." क्लेम म्हणाला, लावायचीच असेल तर ती पट्टी मला लाव. आम्ही तिघंही हसलो. मी चहा घेतला, फळांचा केक खाल्ला. बॅटरीचं नाव मी पुन्हा काढलं नाही आणि त्यांनीही काढलं नाही. एवढ्या जुन्या ड्रायव्हर बाईनं इंजिनाचं कण्हणं कसं ऐकलं नसेल, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

इथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर कोणी म्हणेल की आगीच्या दिवशी ती दोघं सकाळीच का नाही निघाली. त्याआधीच्या उन्हाळ्यात ती दोनदा वेळेवर निघाली होती. दोन्ही वेळा शेजारणीच्या मुलानं नेलं होतं. खालच्या शहरातल्या सभागृहात दोनशे माणसांबरोबर नऊ-नऊ तास बसली. आग आलीच नाही. दुसऱ्या वेळी क्लेमला संडासापर्यंत वेळेत नेता आलं नाही. सगळ्यांसमोर झालं. दोन बायांनी पटकन चादर धरली, पण परत येताना क्लेमनं मिसेस पींना सांगितलं की पुन्हा मला तिथे नेलंस तर मी गाडीतून उडी टाकीन. अर्ध्या अंगानं तो कशी उडी टाकणार होता देव जाणे. मग त्यांनी आपसांत ठरवलं, रेडिओवर वरांबाचं नाव आल्याशिवाय हलायचं नाही. नाव आलं की एक क्षण थांबायचं नाही.

आमच्याकडे वाईट दिवशी सरकारी रेडिओ दर थोड्या वेळानं गावांची नावं वाचतो. या गावानं सावध राहा, या गावानं आत्ता निघा, या गावानं आता निघू नका, उशीर झाला. सगळं गाव आपल्या नावाची वाट बघत बसतं, शाळेत हजेरी घेताना बसतं तसं.

जानेवारीतल्या, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यातल्या, त्या मंगळवारी सकाळी नऊलाच अडतीस अंश होते. उत्तरेचा वारा, कोरडा, तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखा. असल्या दिवशी गावातली प्रत्येक गाडी नाक रस्त्याकडे करून उभी राहते, किल्ली आत लावलेली. कोणाचं काही चोरीला जात नाही. मिसेस पींची गाडी तर कायमचीच नाक खाली करून उभी होती. आम्ही सहा जण ट्रकवर डोंगराच्या पलीकडे होतो, जिथे धूर होता. डॉक्टर त्या मंगळवारी आला नाही, रस्ता बंद केला होता. शेजारीण मुलाकडे गेली होती. तिनं निघताना विचारलं होतं, येता का, म्हणून. क्लेम म्हणाला होता, नाव आलं का? नाही ना? मग?

अकराला वीज गेली. वाऱ्यानं तार पाडली असेल. घरातला रेडिओ विजेवर चालणारा. पंखा विजेवर. मिसेस पींनी जे केलं ते आमच्यातल्या कोणीही केलं असतं, आणि नंतर कळलं की त्या दिवशी गावात आणखी दोघांनी केलं होतं. गाडीत रेडिओ होता. त्यांनी क्लेमला अर्धा तास झगडून गाडीत बसवलं, म्हणजे नाव आल्यावर तो वेळ वाया जाणार नाही. पट्टा बांधला. मांडीवर ओला टॉवेल दिला. मग किल्ली अर्धी फिरवून रेडिओ लावला. उकाड्यानं क्लेमचा श्वास फुलायला लागला तसा गाडीचा पंखाही लावला. इंजिन चालू केलं नाही, पेट्रोल जाईल, गाडी तापेल म्हणून. नावाची वाट बघत बसल्या. हॅमची सँडविचं केली होती, ती दोघांनी तिथेच खाल्ली.

अडीच तास.

नीट भरलेली बॅटरी असती तर अडीच तासांनंतरही गाडी सुरू झाली असती. हे मी पैजेवर सांगतो. सांगायला कोणी विचारलं नाही, एवढंच.

दुपारी दोनच्या सुमारास वारा फिरला. तो फिरणार हे सगळ्यांना माहीत असतं, कधी हे कोणाला नसतं. वारा फिरला की आगीची सबंध लांब बाजूच तिचं तोंड होते. जी आग आमच्यापासून लांब चालली होती ती पाच मैल रुंद होऊन वरांबाकडे वळली. नोरीननं ट्रक वळवायला सांगितलं. तिच्या तोंडून एक शब्द जास्त निघाला नाही. ती बाई एरवी गप्प बसत नाही.

रेडिओवर वरांबाचं नाव आलं ते दोनला. मिसेस पींनी नंतर सांगितलं की आवाज एव्हाना खोल गेला होता, घोगरा झाला होता. त्यांना वाटलं बोलणारा माणूस दमला असेल. नाव आलं, क्लेम म्हणाला, "आपलं आलं." त्यांनी किल्ली पूर्ण फिरवली.

टक टक टक टक.

पुन्हा फिरवली. टक टक. मग तेही नाही. रेडिओ गेला, पंखा गेला, आणि वाऱ्याच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज ऐकू यायला लागला, डोंगरावरून मालगाडी यावी तसा. क्लेमला पुन्हा खुर्चीत काढायला अर्धा तास. तो त्यांना म्हणाला की तू जा, पायी जा, मी इथे बसतो. त्यांनी त्याला काय उत्तर दिलं ते मला त्यांनी सांगितलं नाही.

त्यांनी गिअर मोकळा केला, हाताचा ब्रेक सोडला आणि गाडी उतारावर सोडली.

बंद इंजिनाच्या गाडीचं चाक दगडासारखं जड होतं, ब्रेकही लागत नाही म्हटलं तरी चालेल. त्यात धुरानं भर दुपारी अंधारून आलेलं, आणि डोळ्यांना मधलं दिसत नाही. पण ती वाट त्या एकतीस वर्षं सकाळी बस आणायला उतरल्या होत्या आणि संध्याकाळी चढल्या होत्या. कडेचं त्यांना दिसत होतं, कुंपणाचे खांब दिसत होते. खांबांवरून त्यांनी गाडी खाली आणली, फाटकातून काढली, रस्त्यावर वळवली. गाडी मोरी ओलांडून गेली आणि पलीकडे जिथे रस्ता जरा चढतो, तिथे हळू होत होत थांबली. मैदान तिथून दोनशे पावलं होतं.

आमचा ट्रक मोरीवर आला तेव्हा दिव्यांच्या उजेडात मला आधी पांढरी गाडी दिसली आणि मग तिच्या मागे वाकलेलं काहीतरी. एकोणऐंशी वर्षांची बाई गाडी ढकलत होती. आत क्लेम डाव्या हातानं चाक धरून बसला होता. गाडी हलत नव्हती. ती हलणार नव्हतीच. त्या खांदा लावून, पाय रोवून ढकलत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते.

आमच्यातल्या दोघांनी क्लेमला खेचून बाहेर काढलं. मी ड्रायव्हरच्या बाजूला होतो, आणि मी काय केलं माहीत आहे? खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. आग मागे झाडांच्या शेंड्यांवर आली होती, नोरीन माझ्या नावानं बोंबलत होती, आणि मी किल्ली फिरवून कान देऊन ऐकलं. काही नाही. टक सुद्धा नाही. माझ्या दहा मिनिटांची बॅटरी मी तपासून घेतली.

आम्ही त्यांना ट्रकमध्ये घेऊन मैदानाच्या मधोमध नेलं, अंगावर लोकरीची कांबळी टाकली, ट्रकभोवती पाण्याचा फवारा सोडला आणि आग दोन्ही अंगांनी निघून जाईपर्यंत जमिनीला तोंड लावून पडून राहिलो. वीस मिनिटं. त्यात गावातली अकरा घरं गेली. मिसेस पींचं त्यात होतं.

क्लेम अकरा दिवस जगला. छाती धुरानं भरली होती. गाडीत खिडकी उघडी ठेवून तो जो वेळ बसला होता, उतारावर, मोरीवर आणि मग त्या चढावर, त्यात ते झालं असं डॉक्टर म्हणाला. तीन मिनिटांच्या रस्त्याला त्यांना पाऊण तास लागला होता. शेवटी शेवटी त्याला बोलता येत नव्हतं. मी भेटायला गेलो तेव्हा त्यानं माझ्याकडे बघून डावी भुवई वर केली, म्हणजे काहीतरी खवचट मनात आलं होतं. ते काय होतं हे मला कधीच कळणार नाही, आणि त्याचा मला अजून त्रास होतो.

मयताला सबंध गाव आलं. मिसेस पी सगळ्यांना तेच सांगत होत्या. "रेडिओ मी लावला. पंखा मी लावला. एवढी वर्षं ड्रायव्हर होते, आणि किल्ली अर्धी फिरवून बसले." लोक म्हणत, तुमची काय चूक, कोणीही केलं असतं. मीही म्हणालो. त्यांचा हात हातात घेऊन म्हणालो. तो चहाचा कप, ती सँडविचं, तो पाद्री, सगळं माझ्या डोळ्यांसमोर आहे. तिथेच सांगायला हवं होतं. घशापर्यंत आलं आणि मी ते केकबरोबर गिळलं.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. चर्चच्या मागे दोन खोल्यांची घरं बांधली आहेत, त्यातलं एक त्यांना मिळालं. पांढरी गाडी मी ओढून आणून त्यांच्या दारात लावली. एका बाजूचा रंग फुगून सुटला आहे, बाकी ठीक. त्यांनी सांगितलं नव्हतं, पण मी ती नाक रस्त्याकडे करून लावली.

एप्रिलात एका रविवारी सकाळी नऊलाच मी फळीवरची बॅटरी घेऊन गेलो. नोव्हेंबरपासून ती तिथेच होती, तिच्यावर धूळ बसली होती. जुनी काढली, नवी बसवली. मिसेस पी दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. तेवढ्यात मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मी बॉनेट वर ठेवूनच बोललो, त्यांच्याकडे न बघता.

"मिसेस पी, दहा मिनिटांनी बॅटरी भरत नाही. तेव्हाही भरत नव्हती. गाडी अर्धा तास फिरवावी लागते. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं."

मी फडक्यानं हात पुसत राहिलो, स्वच्छ झालेले हात पुसत राहिलो.

मग त्या म्हणाल्या, "मी एकतीस वर्षं बस चालवली. तू बसमध्ये पहिल्यांदा चढलास तेव्हा तुझ्या नाकातून शेंबूड वाहत होता, आणि तेव्हाही मला माहीत होतं की दहा मिनिटांनी काही होत नाही."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. मी वर बघितलं. त्या माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत होत्या, जिथून मी त्यांना दिसत असेन.

"नोव्हेंबरात ती कण्हायला लागली, तेही ऐकलं. तू खाली थांबलास तेही ऐकलं. ब्रेक वाजला तुझा."

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, मला राग आला होता, कोणाचा ते मला सांगता येणार नाही. "एक शब्द बोलायचा. मी आलो असतो. दर रविवारी आलो असतो."

त्यांनी मांडीवरचा रुमाल दुमडला, पुन्हा दुमडला.

"तू रविवारी मासे धरायला जातोस, गॅविन," त्या म्हणाल्या. "माझ्या जिवावर आलं रे विचारायचं."

मी बॉनेट बंद केलं. त्या काठी टेकत उठल्या, गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेल्या, क्लेमच्या सीटवर बसल्या आणि पट्टा लावला. मी किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात धरलं. रस्त्यावर यायच्या आधी त्यांनी मागे वळून रिकाम्या सीटकडे बघितलं, त्यांचे ओठ हलले, पण "चला" त्या म्हणाल्या नाहीत. मी थोडा वेळ वाट बघितली आणि ब्रेक सोडला.